घूस, उंदीर आणि मापटंभर ज्वारी

परवा रात्री पुतण्याचा न्यू जर्सीहून फोन आला. एरवी त्याचा फोन रविवारी सकाळी येतो. हा मधल्याच वारी आला, म्हणून जरा धस्सच झालं. तर विषय निघाला ग्राउंडहॉगचा! या वर्षी त्याने हौसेने परसात मेथी, गवार आणि टोमॅटो लावलेत. मेथी चार बोटं वर आली आणि एका सकाळी बघतो तर वाफा साफ. शेडच्या पायाखाली हे मोठं भोक आणि भोकाच्या तोंडाशी मातीचा ढीग. तिथल्या दुकानात पिंजरे मिळतात, धुराच्या कांड्या मिळतात, कोल्ह्याच्या मुताच्या बाटल्यासुद्धा मिळतात म्हणे (हे ऐकून मी फोन खाली ठेवून हसून घेतलं). पण त्याचा प्रश्न वेगळाच होता. "काका, आपल्या नांदेडच्या घरी घूस झाली होती तेव्हा बाबांनी नेमकं काय केलं होतं?"

त्याचे बाबा म्हणजे माझा दादा. दादाला जाऊन आता चार वर्षं होतील. मी म्हटलं, लिहून कळवतो. लिहायला बसलो आणि घूस राहिली बाजूला, गाडी पार १८२६ पर्यंत मागे गेली. आता निघालीच आहे तर तुम्हीही बसा. पुतण्या, तुझं उत्तर शेवटी आहे, तोवर धीर धर.

ग्राउंडहॉग म्हणजे २ फेब्रुवारीचा तो हवामानखात्याचा प्राणी, एवढंच मला ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून त्याला बिळातून बाहेर काढून विचारतात, थंडी संपली का? (आपल्या हवामानखात्याची चेष्टा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) प्राणी खारीच्या कुळातला, पण चांगला तीन-चार किलोंचा. आपल्याकडे तो नाही. त्याचं काम आपल्याकडे घूस करते. घर, परस, पाया, गटार, जे दिसेल ते पोखरते. नांदेडला आमच्या गल्लीत या नावावरून फार गंमत व्हायची. तिथल्या दखनी हिंदीत घूस म्हणजे लाच. "हमारे यहाँ घूस हो गई है" म्हटलं की शेजारचे मामू म्हणायचे, "किस ऑफिस में?"

इंग्रजीतला बॅंडिकूट हा शब्द मात्र आपल्या शेजारचा निघाला. तेलुगूत घुशीला पंदिकोक्कु म्हणतात. पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. साहेबांच्या तोंडी त्याचा बॅंडिकूट झाला, आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेलेल्या साहेबांनी तिथल्या एका भलत्याच प्राण्याला तेच नाव दिलं. नांदेडपासून बासरला जायला तासदोन तास लागतात, म्हणजे शब्द अगदी कुंपणाला लागून होता आणि मला कळला साठीत. शास्त्रज्ञ दोन घुशी मानतात. एक गावातली मोठी, दुसरी शेतातली जरा लहान. ही लहान घूस फार संसारी असते. धान्य पिकलं की कणसं कुरतडून बिळात नेते आणि कोठार भरून ठेवते. माझी गोष्ट त्या कोठाराचीच आहे.

आमचं गाव औसा तालुक्यात. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला. आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरचेही खडी फोडायला गेले होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, पंचवीस-तीस एकरांचे मालक, पण त्या साली मालक आणि गडी एकाच रांगेत बसून सुकडी खात. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्लेल्यांना त्यांची चव अजून आठवत असेल. मी नऊ वर्षांचा होतो, मला आठवते.

पुढच्या साली पाऊस झाला. रब्बीची ज्वारी अशी आली की माणूस आत शिरला तर दिसू नये. आणि ज्वारीबरोबर उंदीर आले. इतके उंदीर मी त्याआधी पाहिले नव्हते, पुढेही नाहीत. ताटावर चढून कणीस दांड्यापासून कुरतडत आणि खाली पाडत. सकाळी रानात गेलं की पट्टेच्या पट्टे नुसत्या ताटांचे उभे दिसत, वर कणीस नाही. एवढा दुष्काळ काढल्यावर हातातोंडाशी आलेला घास असा जाताना बघून आबांची जी अवस्था झाली होती ती मला तेव्हा कळली नाही. ते सारखे चिडत, एवढंच कळे.

मग आबांनी वडारांना बोलावलं. नवरा, बायको, आणि माझ्याएवढा एक मुलगा. विहिरी खणायला येणारी ही माणसं उंदीर काढण्यातही वाकबगार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ठराव असा झाला, वीस उंदरांमागे एक मापटं ज्वारी, आणि उंदीर त्यांचे. ते उंदीर खात. तेव्हा आम्हा पोरांना त्याची किळस वाटे. आता वाटतं, मिलोची भाकरी गिळणाऱ्यांनी नाक कशाला मुरडायचं?

त्यांचं काम बघत बसणं हा माझा आणि दादाचा दिवसभराचा उद्योग. तो वडार बांधावर आधी नुसताच फिरायचा. एका बिळाला किती तोंडं आहेत ते बघायचा. ताज्या मातीचं तोंड कोणतं, जुनं कोणतं, हे तो पायाच्या बोटाने माती चाचपून सांगे. मग बाकीची तोंडं दगडमातीने बंद, एका तोंडाशी मडक्यात गोवरी पेटवून धूर, आणि उरलेल्या एका तोंडाशी त्याची बायको टोपलं घेऊन बसलेली. धुराने बाहेर नाही आलं तर पहारीने खणायचं. पोरगा मोजायचा. वीस झाले की बांधावर एक खडा ठेवायचा. दादा त्याच्याशेजारी बसून खडे मोजी, आबांच्या वतीने!

चौथ्या का पाचव्या दिवशी लिंबाच्या बांधाखाली घुशीचं मोठं बीळ लागलं. हातभर खाली गेल्यावर माती भुसभुशीत लागली आणि पहार आतच गेली. बायकोने हात घालून बाहेर काढली ती कणसं. एकावर एक रचून ठेवलेली, दांडे एका बाजूला. तशा दोन कोठ्या निघाल्या. झाडून काढल्यावर टोपलं भरलं. त्या बाईच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आबा तेवढ्यात तिथे आले. म्हणाले, दाणे माझ्या रानातले आहेत, ते घरी जातील. वडार पहारीवर हात ठेवून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "मालक, उंदीर आमचा म्हणालाव न्हवं? मग उंदराचं घर बी आमचंच की."

आबांनी उत्तर दिलं नाही. टोपलं आमच्या गड्याच्या डोक्यावर दिलं. वडाराने बांधावरचे खडे दाखवले, आबांनी त्याप्रमाणे ज्वारी मोजून दिली, एक दाणा कमी नाही. आणि ते तिघं निघून गेले. पुढे रानात अजून कितीतरी बिळं होती, पण ते परत आले नाहीत. त्या वर्षीच नाही, पुढेही नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीही नसती. टोपलं घरी आलं आणि आजी दारात आडवी झाली. "बिळातलं दाणं माझ्या घरात येणार न्हाई. गोठ्यात ठिवा न्हाईतर उकिरड्यावर टाका." आबा ओरडले, पण आजीपुढे त्यांचं काही चाललं नाही. टोपलं गोठ्याच्या कोपऱ्यात राहिलं, तिथे ओल लागून त्याला बुरशी आली, आणि शेवटी खरोखरच उकिरड्यावर गेलं. ज्याच्यासाठी एवढं झालं ते कुणाच्याच पोटात गेलं नाही. घुशीच्यासुद्धा नाही.

आजी असं का वागली ते पुढे सांगतो. त्याआधी १८२६.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या लिखाणात वॉल्टर एलियट नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची ओळख झाली. हा धारवाडकडे नोकरीला होता. १८२४ मध्ये कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या माणसांनी ज्या दोन इंग्रजांना ओलीस धरलं त्यांतला हा एक. सुटला, आणि पुढे त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या प्राण्यांची यादी केली. ती १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. त्यात काळ्या रानातल्या एका लहान मऊ केसांच्या उंदराची हकिकत आहे. हा उंदीर फारसं बीळ करत नाही. उन्हाळ्यात काळी फाटली की तिच्या भेगांमध्ये राहतो. मृगाचा पाऊस जोरात झाला की भेगा बुजतात आणि हजारो उंदीर आतल्या आत दडपून मरतात. दरवर्षीचा हा हिशेब. पण १८२६ साली सुरुवातीचा पाऊस कमी झाला. उंदीर मेले नाहीत, आणि त्यांची वीण अशी झाली की पेरलेलं बी खाल्लं, उरलेलं उगवलं तर ताटावर चढून कणसं खाल्ली. शेतकऱ्यांना सारा भरता येईना. मग त्यांनी वडारांना लावलं, अमुक डझनांमागे एक माप धान्य या बोलीवर. हजारोंनी उंदीर मारले तरी कमी झालेले दिसेनात.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तीच ज्वारी, तीच काळी, तोच ठराव. दीडशे वर्षांत मापसुद्धा फारसं बदललं नव्हतं. त्या उंदराला वडार ज्या नावाने ओळखत ते एलियटने लिहून ठेवलं, आणि आजही त्याच्या शास्त्रीय नावात, मिलार्डिया मेल्टाडा, तो शब्द थोडा मोडून शिल्लक आहे. पहार घेऊन बांधावर फिरणाऱ्या माणसाचा शब्द जगभरच्या संग्रहालयांत चिठ्ठीवर लिहिला जातो.

आणि घुशीविषयी एलियट काय म्हणतो? वडार तिची बिळं खणतात, घूस खातात, आणि सुगीच्या दिवसांत एकेका बिळात कधी अर्ध्या शेरापर्यंत ज्वारी सापडते, ती त्यांच्या उपयोगी पडते. म्हणजे बिळातलं धान्य खणणाऱ्याचं, ही रीत निदान तेव्हापासूनची. आमच्या बांधावर तो माणूस हक्काचं बोलत होता. आबांना रीत माहीत नसेल असं मला वाटत नाही. आदल्या साली खडी फोडली होती, एवढंच मी त्यांच्या बाजूने म्हणेन.

(उंदीर मोजण्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारलं होतं की मंत्रालयात सात दिवसांत ३ लाख १९ हजार ४०० उंदीर मारले ते कसे? सरकारचं म्हणणं पडलं की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. आमच्या बांधावर खडे ठेवणाऱ्या त्या पोराला कंत्राट द्यायला हवं होतं.)

दुष्काळ आणि उंदीर यांची ही जोडी पुढेही दिसते. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये पुन्हा उंदरांनी पिकं खाल्ली आणि सरकारला मारलेल्या उंदरांमागे बक्षीस लावावं लागलं. दुष्काळात माणसं गावं सोडून जातात, रानं पडीक राहतात, नांगर फिरत नाही, आणि उंदराचे वैरी साप, कोल्हे, घुबडंही कमी झालेली असतात. मग पहिला बरा पाऊस येतो. घुशीला गाभण राहिल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत सहा-आठ पिल्लं होतात. माणूस सावरायच्या आधी ती सावरते.

आता आजी. आजीचा जन्म १९१० च्या आसपासचा, निजामाच्या राज्यातला. ती लहान असताना गावात प्लेग आला होता. "उंदीर पडला" हे दोन शब्द तिच्या पिढीत कुणी सहज उच्चारत नसे. घराच्या आढ्यावरून उंदीर खाली पडून मेला की चूल विझवायची, गुरं सोडायची आणि रानात झोपड्या घालून राहायचं. तिच्या एका भावाची काखेत गाठ आली आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. त्या वेळी घरातलं धान्य, कपडे, सगळं तसंच सोडून ते निघाले होते.

पुस्तकात प्लेगचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो. सप्टेंबर १८९६, मांडवी, डॉ. अकासिओ व्हिएगस. मग पुणे, रँड, २२ जून १८९७. मग हाफकिन, ज्यांनी १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगावर लस टोचून बघितली. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेल्या. मुंबईत तेव्हा सरकारने गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली, लोकांची घरं उघडी केली, माणसांना धरून नेलं. उंदराच्या अंगावरची पिसू रोग आणते हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टराने दाखवलं, तेही लोकांना पटायला बरीच वर्षं गेली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत ते पुरतं सिद्ध झालं. आमच्या आजीला यातलं एक नावही माहीत नव्हतं. उंदीर पडला की घर सोडायचं आणि उंदराच्या जागेतलं काही घरात आणायचं नाही, हे मात्र माहीत होतं. घर सोडलं की माणूस पिसवांपासून लांब जातो. म्हणजे सिद्ध झालेल्या गोष्टीपेक्षा ती फार मागे नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, माणसं विसर्जन करून दमून झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडची आमची घरं म्हणजे मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर हातदीड हात मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, आणि त्या पहाटे थडगी. आठ-दहा हजार माणसं गेली. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, म्हणून वाचलं, पण वाड्याच्या भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. सगळं गाव रानात पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. आजी तेव्हा त्र्याऐंशीच्या पुढची. शेडमध्ये बाजेवर बसून म्हणाली, "दुसऱ्यांदा रानात आले बग. त्या बारीला उंदरापायी, या बारीला भिताडापायी."

धान्य मात्र वाड्यातच राहिलं. कणग्यांत आणि अंगणातल्या पेवात. पेव म्हणजे जमिनीतला हौद, तोंड बारीक आणि पोट मोठं, आतून कडबा लावून ज्वारी भरायची आणि मातीने लिंपून टाकायचं. उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते, माणूस बेशुद्ध पडून मरतो. आधी कंदील सोडायचा आणि तो विझत नाही ना बघायचं.

वर्षभर बंद घर, आत धान्य, आणि माणसाची चाहूल नाही. उंदरांना याहून काय हवं? अशीच स्थिती सगळीकडे होती. आणि ऑगस्ट १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास सुरू झाला, उंदीर पडू लागले, मग माणसांना गाठी येऊ लागल्या. भूकंपानंतर सोडलेली घरं आणि त्यांत साठवलेलं धान्य यांचा त्या वेळी जाणकारांनी याच्याशी संबंध लावला. महिनाभरात सुरतची बातमी आली. तिथला फुप्फुसाचा प्लेग, पन्नासहून जास्त मृत्यू, लाखो माणसं शहर सोडून निघालेली, टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून गायब, परदेशांनी भारताची विमानं बंद केलेली. तेव्हा मी लातूरला नोकरीला होतो. गंजगोलाईत माणसं तोंडाला रुमाल बांधून भाव विचारत.

दादा नांदेडहून आला. आम्ही दोघं वाडा बघायला गेलो, पायमोजे पँटवर ओढून आणि दारातच बीएचसी पावडर टाकून. मेलेला उंदीर एकही दिसला नाही, पण जोत्याला धरून घुशीने काढलेल्या मातीचे ढीग माझ्या गुडघ्याला लागत होते. एक बीळ थेट पेवाच्या पोटात गेलं होतं. पंधराएक पोती ज्वारी असेल आत. आम्ही आजीला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "बुजवा." दादा म्हणाला, अगं वर्षाची ज्वारी आहे, वरची खराब टाकू, खालची चांगली असेल. आजी म्हणाली, "बुजवा म्हणले न्हवं."

आम्ही पेव ज्वारीसकट बुजवलं. वाड्याची ती भिंत पुढच्या पावसात बसली. त्यावर आता बाभळी आहेत.

त्या रात्री शेडबाहेर बसल्यावर दादाने मला १९७४ ची ती गोष्ट विचारली. "तुला आठवतं का, मी मार खाल्ला होता?" मला मार आठवत होता, कारण आठवत नव्हतं. टोपलं घरी आलं त्या संध्याकाळी दादाने कणगीतून मापटंभर ज्वारी काढली होती. मापटंच, कारण खिशात तेवढीच बसली. आणि तो वडारांच्या पालावर गेला होता, गावाबाहेर ओढ्याला. त्या माणसाने ती घेतली नाही. पोराने घेतली. आबांनी दादाला बैलाच्या कासऱ्याने मारलं ते चोरीसाठी. चौदा वर्षांचा होता. एवढी वर्षं तो हे बोलला नव्हता. मी विचारलं, त्या माणसाने का घेतली नाही? दादा म्हणाला, "मापटंभर कशी घेईल? टोपलं होतं ते."

तर ग्राउंडहॉगकडे परत येऊ. पुतण्या, तुझा पाहुणा मार्मोटच्या जातीतला. त्याचे चुलतभाऊ मंगोलिया-मांचुरियाकडे असतात. १९१० साली त्यांच्या कातड्याला भाव आला आणि बाहेरून आलेले नवखे शिकारी ती जनावरं धरू लागले. तिथले जुने शिकारी सुस्त, लडखडणारं जनावर दिसलं की हात लावत नसत, हे नवखे मिळेल ते धरत. त्या हिवाळ्यात प्लेगने साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. डॉ. वू लियेन-तेह यांनी मुखपट्ट्या बांधायला लावून आणि प्रेतं जाळून ती साथ आटोक्यात आणली. तू घाबरू नकोस, तुझ्या परसातल्या जनावराला काही झालेलं नाही. पण उघड्या हाताने मेलेलं काही उचलू नकोस. आजी असती तर तिने एवढंच सांगितलं असतं.

आता नांदेडची घूस. तू तेव्हा सातवी-आठवीत असशील. न्हाणीच्या मागे मोरीच्या पाइपाशेजारून ती शिरली होती. दादाने आधी बिळात पाणी सोडलं. पाणी शेजाऱ्यांच्या अंगणात निघालं आणि भांडण झालं. मग मिरच्यांची धुरी दिली. तुझी आई दोन दिवस खोकत होती, घूस मजेत. मग काचा आणि सिमेंट. तिने हातभर बाजूने नवं भोक पाडलं. मग झिंक फॉस्फाईड. त्याचं शास्त्र असं की दोन-तीन दिवस आधी नुसता भरडा तेल लावून ठेवायचा, पाहुणचार करायचा, विश्वास बसला की विष घालायचं, कारण एकदा पोट दुखलं की ती पुन्हा त्या वासाच्या वाटेला जात नाही. दादाला हा पाहुणचार जमला नाही. म्हणाला, जेवायला बोलावून मारायचं हे बरं नाही, एकदम घाल काय ते. अर्थात ते फसलं.

शेवटी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या आणल्या. त्या हळूहळू काम करतात, घुशीला कळत नाही. घूस गेली. आठ दिवसांनी लिंबाखाली एक गव्हाणी घुबड पडलेलं सापडलं, पांढऱ्या तोंडाचं. विष खाल्लेला उंदीर खाल्ला की असं होतं. ते घुबड तीन वर्षं त्या लिंबावर होतं, गल्लीतल्या बायका त्याला अशुभ म्हणून दगड मारायच्या आणि दादा त्यांना हाकलायचा. त्याने ते लिंबाखालीच पुरलं. महिन्याभरात दुसरी घूस आली.

त्या वेळी दादाने जे केलं ते तुला विचारायचं आहे, हो ना? त्याने न्हाणीच्या मागे भिंतीला धरून दीड-दोन फूट खोल चर खणला, स्वतः, दोन रविवार. त्यात बारीक भोकांची लोखंडी जाळी उभी सोडली आणि खालचं टोक फूटभर बाहेरच्या बाजूला वळवलं. घूस भिंतीशी खणते, जाळीला लागते, आणि मागे सरून खणायचं तिला सुचत नाही. पाइपाभोवती काँक्रीट केलं. खरकटं झाकायला तुझ्या आईला डबा आणून दिला. परसाच्या त्या टोकाला, कुंपणापलीकडे, घुशीचं बीळ नंतरही होतं. दादाने ते कधी बुजवलं नाही.

तुझ्या ग्राउंडहॉगलाही हेच चालेल. फक्त तो वर चढतो, म्हणून जाळी जमिनीवर तीनेक फूट घे आणि वरचा हातभर भाग सैल सोड, म्हणजे चढताना वाकेल. शेडखाली आता जूनमध्ये पिल्लं असतील. ती बाहेर पडेपर्यंत भोक बंद करू नकोस. मेथी पुन्हा पेर, अजून वेळ गेलेली नाही. आणि जाळीचा फोटो पाठव.